जवळची वाट कोणाची?

परगावच्या माणसाने नाक्यावरच्या पानवाल्याला देवळाची वाट विचारली, तर पानवाला आधी विचारणाऱ्याकडे पाहतो. तरुण दिसला, तर म्हणतो, "या बोळातून जा, पायऱ्या चढलात की आलेच देऊळ." कोणी वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आलेले असले, तर म्हणतो, "आजोबा, तुम्ही पेठेतून जा. थोडे लांब पडेल, पण रस्ता सपाट आहे." देऊळ तेच, नाका तोच, उत्तरे मात्र दोन. यात पानवाल्याने काही विशेष केले असे आपल्याला वाटत नाही. परंतु आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात वाट दाखवणारे जे यंत्र असते, त्याला एवढे सहसा साधत नाही. ते विचारणाऱ्याकडे पाहत नाही. त्याला पाहायला शिकवण्याचा उद्योग काही ठिकाणी चालू आहे. त्याची हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम हे यंत्र वाट शोधते कसे, ते पाहू. एड्सखर डाइक्स्ट्रा नावाचे एक तरुण डच गणिती 1956 साली अॅमस्टरडॅममध्ये आपल्या वाग्दत्त वधूबरोबर बाजारहाट करून दमले आणि एका कॅफेत कॉफी प्यायला बसले. नव्या गणकयंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक व्हायचे होते आणि त्यासाठी, गणित न जाणणाऱ्यालाही समजेल असा एखादा प्रश्न त्यांना हवा होता. रॉटरडॅमहून ग्रोनिंगनला सर्वांत जवळच्या वाटेने कसे जावे, हा तो प्रश्न. कागदपेन्सिल हाती न घेता वीसेक मिनिटांत त्यांनी तो सोडवला, असे ते पुढे सांगत. 1959 साली ती रीत छापून आली आणि वाट शोधणाऱ्या आजच्या यंत्रांच्या मुळाशी बहुधा तीच असते.

रीत साधी आहे. पाटाचे पाणी शेतात सोडले की ते जवळच्या वाफ्यात आधी पोचते, लांबच्या वाफ्यात नंतर. यंत्रही निघण्याच्या ठिकाणापासून शेजारच्या चौकांपर्यंतची अंतरे मांडते. त्यांतला सर्वांत जवळचा चौक घेते, तेथून पुढच्या चौकांची बेरीज करते, पुन्हा सर्वांत कमी बेरजेचा चौक उचलते आणि मुक्कामाचा चौक हाती येईपर्यंत हेच करीत राहते.

मेख अशी की 'अंतर' हा शब्द येथे केवळ सोयीसाठी आहे. प्रत्येक रस्त्यापुढे एक आकडा लिहिलेला असावा आणि तो शून्याखाली नसावा, एवढीच या रीतीची अट. तो आकडा मीटरचा असो, मिनिटांचा असो, नाहीतर दमणुकीचा असो. 'जवळ' म्हणजे काय हे गणित ठरवीत नाही, आकडा लिहिणारा माणूस ठरवतो. आणि पादचाऱ्यासाठी आकडे लिहिताना त्याने बहुधा ताशी पाच किलोमीटर चालणारा धडधाकट माणूस डोळ्यांपुढे ठेवलेला असतो. त्या माणसाला पायऱ्या म्हणजे थोडा सावकाश चालण्याचा रस्ता. चाकांच्या खुर्चीत बसलेल्याला पायऱ्या म्हणजे भिंत.

मग आकडे बदलावेत, झाले! पण परक्याच्या यंत्रातले आकडे आपण कसे बदलणार? येथे ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा उपयोग होतो. एखाद्या हलवायाने मिठाईबरोबर तिची कृतीही लिहून द्यावी आणि वर सांगावे की, साखर कमी करून तुम्ही विकलीत तरी आमची हरकत नाही, तसा हा प्रकार आहे. 'ग्राफहॉपर' हे वाट शोधणारे असे एक खुले सॉफ्टवेअर. जर्मनीत नेकार नदीच्या काठी हायडेलबर्ग हे जुने विद्यापीठाचे गाव आहे. तेथील भूगोलाच्या अभ्यासकांनी ग्राफहॉपर आपल्या 'ओपनरूटसर्व्हिस'च्या पायाला घेतले आणि त्यात चाकांच्या खुर्चीसाठी वेगळा हिशेब बसवला. 2014 ते 2016 या काळात युरोपीय संघाच्या साहाय्याने व्हिएन्ना, लंडन, एल्चे आणि हायडेलबर्ग या चार शहरांत जो प्रकल्प चालला, त्यातही या कामाला हात लागला. हायडेलबर्ग यासाठी सोयीचे की गैरसोयीचे, हे सांगणे कठीण! खाली दगडी फरसबंदीच्या गल्ल्या आणि वर डोंगराच्या कुशीत किल्ला.

या हिशेबात विचारणाऱ्याला आधी आपल्याबद्दल चार गोष्टी सांगता येतात: किती चढ चालेल, फूटपाथची कड किती उंच चालेल, वाट किती रुंद हवी आणि जमीन कशी हवी. पानवाला जे एका नजरेत ओळखतो, ते येथे विचारून घ्यावे लागते. पण निदान विचारले तरी जाते.

चढाची गोष्ट जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. चाकांच्या खुर्चीसाठी उतार बांधताना एकास बारा हे प्रमाण पुष्कळ देशांत धरतात. म्हणजे सहा इंच उंच चढायचे तर सहा फूट लांबीचा उतार हवा. शेकड्यात हे सव्वाआठच्या आसपास येते. अमेरिकेत सिअॅटल हे शहर टेकड्यांवर वसलेले आहे आणि तेथले कित्येक रस्ते याहून उभे आहेत. तेथील वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी 'अॅक्सेसमॅप' नावाचा मार्गदर्शक तयार केला. त्यात चढाची मर्यादा निराळी आणि उतरणीची मर्यादा निराळी ठेवता येते. हे आम्हांला फार मार्मिक वाटले. मोटारीला एकेरी रस्ता कायद्याने होतो, खुर्चीला तो उताराने होतो. ज्या रस्त्याने हात आवरीत खाली येता येते, त्याच रस्त्याने परत वर जाता येईलच असे नाही. म्हणून जाण्याची वाट उलटी केली की येण्याची वाट झाली, हे गृहीत येथे टाकून द्यावे लागते.

हा चढ मोजायचा कशाने? 2000 सालच्या फेब्रुवारीत 'एंडेव्हर' या अंतराळयानातून रडारने पृथ्वीच्या बऱ्याच मोठ्या भागाची उंची मोजण्यात आली, आणि ते आकडे सर्वांना खुले आहेत. परंतु त्यांतले सर्वांत बारीक चौकोन सुमारे 30 मीटरचे. दुकानासमोरचा दोन मीटरचा उतार त्यात दिसणार कसा? डोंगर दिसतो, उंबरठा दिसत नाही. आणि माणूस अडतो तो उंबरठ्याशी.

आणखी एक अडचण यंत्राच्या घाईतून येते. देशभराचे रस्ते धुंडाळून क्षणात उत्तर द्यायचे, तर डाइक्स्ट्रांची रीत जशीच्या तशी फार सावकाश पडते. म्हणून हुशार लोकांनी आधीच जोडवाटा हिशेबून ठेवण्याच्या युक्त्या काढल्या. त्यांतली एक प्रसिद्ध युक्ती 2008 साली हायडेलबर्गच्या शेजारच्याच कार्ल्सरूह येथे निघाली. पण आधी हिशेब करून ठेवायचा म्हणजे प्रत्येक रस्त्याचा आकडा आधी ठरलेला हवा. प्रत्येक माणसाची मर्यादा निराळी म्हटली की प्रत्येकाचा आकडाही निराळा, मग तयार जोडवाटा कोणाच्या कामाच्या? येथे घाईच सोडून द्यावी आणि दर वेळी हिशेब नव्याने करावा, हे बरे. खुर्चीतून कोणी मुंबईहून नागपूरला जात नाही. दोन-तीन किलोमीटरच्या टापूत जुनी सावकाश रीतसुद्धा डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उत्तर देते.

आता सर्वांत अवघड भागाकडे येऊ. यंत्र शहाणे झाले तरी ते नकाशाच वाचणार. हे सारे मार्गदर्शक मुख्यतः 'ओपनस्ट्रीटमॅप' या नकाशावर उभे आहेत. 2004 साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा नकाशा स्वयंसेवक भरतात. त्यात फूटपाथच्या कडेलाही जागा आहे: रस्त्याशी अगदी सपाट, तीनेक सेंटिमीटर उंच, आणि त्याहून उंच अशा प्रती तेथे नोंदवता येतात. पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणाच्या तर आठ पायऱ्या आहेत, 'उत्कृष्ट'पासून 'अगम्य'पर्यंत. मध्ये 'भयंकर' आणि 'अतिभयंकर' अशाही दोन आहेत. ही नावे ठेवणारे आपल्याकडे पावसाळ्यात येऊन गेले असावेत, असा आम्हांला दाट संशय आहे!

जागा आहे, पण ती भरलेली असतेच असे नाही. पुष्कळ शहरांत रस्ता म्हणजे नकाशावर एक रेघ. फूटपाथ आहे की नाही, कड किती उंच, यावर नकाशा गप्प असतो. या मौनाचा अर्थ यंत्राने काय घ्यावा? 'नोंद नाही म्हणजे अडथळा नाही' असे धरले, तर खुर्चीतला माणूस एक किलोमीटर जाऊन शेवटच्या कडेशी अडकेल आणि तेवढेच परत येईल, तेही चढ चढून. उलट 'नोंद नाही म्हणजे वाट बंद' असे धरले, तर निम्मे शहर त्याला नसल्यासारखेच होईल. मोटारीच्या बाबतीत चूक झाली तर पाच मिनिटे जातात. येथे चुकीची किंमत एक दुपार, कधी त्याहून अधिक. बर्लिनमधल्या लोकांनी 2010 साली चालू केलेल्या 'व्हीलमॅप' या नकाशात याला प्रामाणिक तोड आहे. ज्या ठिकाणी खुर्ची जाते ते हिरवे, जेमतेम जाते ते पिवळसर, जात नाही ते तांबडे, आणि ज्याची कोणी नोंद केली नाही ते करडे. आमच्या मते वाट दाखवणाऱ्या यंत्रानेही असे करडेपण लपवू नये. 'या वाटेचा इतका भाग कोणी पाहिलेला नाही' असे सांगावे आणि जायचे की नाही ते ज्याचे त्याला ठरवू द्यावे.

खुर्चीवाल्याचे भागले म्हणजे सर्वांचे भागले, असेही नाही. फूटपाथची कड पुसून रस्त्याशी सपाट केली की चाके सुखाने जातात. पण पांढऱ्या काठीने वाट चाचपणाऱ्या अंध माणसाला तीच कड सांगत असते की येथे रस्ता सुरू झाला. ती गेली की तो नकळत वाहनांत उतरतो. जपानात ओकायामा येथे 1967 साली प्रथम बसवलेल्या, सेइइची मियाके यांच्या उंचवट्यांच्या फरश्या यावर तोड म्हणून आल्या. आपल्या मेट्रोच्या फलाटांवर त्या आपण पाहतो. तेव्हा एका माणसाचा अडथळा तो दुसऱ्याची खूण असू शकतो, आणि हिशेब एक करून चालत नाही.

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही एका रविवारी फूटपट्टी घेऊन आमच्या घरापासून टपालकचेरीपर्यंत गेलो. भारतीय रस्त्यांच्या मार्गदर्शक नियमांत फूटपाथची कड 15 सेंटिमीटरहून उंच नसावी असे म्हटले आहे. आम्ही वाटेवरच्या अकरा कडा मोजल्या. सात त्याहून उंच निघाल्या, सर्वांत मोठी 27 सेंटिमीटर. उतार तीन ठिकाणी होते. त्यांपैकी एकाच्या तोंडाशी विजेचा खांब होता आणि दुसऱ्यावर स्कूटर लावलेल्या होत्या. एक वृद्ध बाई कठड्याला धरून एकेक कड उतरत होत्या. त्यांनी आम्हांला विचारले, "नवा फूटपाथ होणार का हो?" आम्ही खरे ते सांगितले.

त्या सर्व नोंदी घरी येऊन आम्ही नकाशात भरल्या. स्कूटर मात्र भरल्या नाहीत, कारण त्या रोज जागा बदलतात. काही दिवसांनी चाकांच्या खुर्चीचा हिशेब लावून तीच वाट पुन्हा विचारली. आधी यंत्र म्हणत होते, अकरा मिनिटे. आता म्हणाले, वाट नाही.