घरातला विठू आणि आपली फुप्फुसे

पासष्टीच्या एक आजी सहा-सात महिन्यांच्या खोकल्याची तक्रार घेऊन आमच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या. खोकला कोरडा, जिना चढताना धाप, वजनही उतरलेले. थुंकी दोनदा तपासून झाली होती, क्षयरोग नव्हता. दम्याचा पंप सुरू होता, पण गुण नव्हता. मीही औषधे बदलून दिली आणि पंधरा दिवसांनी बोलावले.

दुसऱ्या खेपेला सोबत नातू होता. तो सहज म्हणाला, "डॉक्टर, आजी आत्याकडे आठ दिवस राहिली की बरी असते. घरी आली की पुन्हा खोकते." मग मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला, "आजी, घरात एखादा पक्षी आहे का?"

"विठू आहे की! आठ वर्षं झाली. हे गेल्यापासून माझ्याच खोलीत असतो."

सीटी स्कॅनने शंका पक्की केली. पोपटाच्या पिसांवरची बारीक भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेचा धुरळा हवेत मिसळतो. त्यातील प्रथिने रोज श्वासावाटे आत गेली, की काही जणांची प्रतिकारशक्ती बिथरते आणि फुप्फुसांना सूज येते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. हा संसर्ग नव्हे. पक्षी ठणठणीत असला तरी हा आजार होऊ शकतो. सुरुवातीला ओळखला आणि पक्ष्यापासून दूर राहिले, तर फुप्फुसे बरीचशी पूर्ववत होतात. उशीर झाला, तर त्यांवर कायमचे व्रण राहतात.

हा आजार वाटतो तितका दुर्मीळ नाही. भारतातील 19 शहरांमधील 27 केंद्रांचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसांच्या अंतर्भागाचे विकार असलेल्या 1,084 रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना हाच आजार होता. त्यांतील अनेकांच्या घरी एअर कूलर होता किंवा पक्ष्यांशी संपर्क होता.

पोपटाकडून येणारा दुसरा आजार मात्र संसर्गजन्य आहे. क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूमुळे होणाऱ्या या तापाला सिटॅकोसिस म्हणतात. 1929-30 मध्ये दक्षिण अमेरिकेतून गेलेल्या पोपटांमुळे त्याची साथ अनेक देशांत पसरली होती. संपर्कानंतर साधारण 5 ते 14 दिवसांत ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो. पुढे न्यूमोनियाही होऊ शकतो. न्यूमोनियात नेहमी दिले जाणारे अमॉक्सिसिलिन इथे फारसे कामाचे नाही, डॉक्सिसायक्लिन मात्र चांगले लागू पडते. म्हणूनच ताप-खोकल्यासाठी डॉक्टरांकडे गेलात, तर त्यांनी विचारले नाही तरी घरात पक्षी आहे हे आपणहून सांगा.

पक्षी पाळायचाच, तर काही पथ्ये पाळा. पिंजरा झोपण्याच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात नको. तळाशी कागद घालून तो रोज बदला. साफसफाई मास्क लावून, ओल्या फडक्याने करा. कोरडा झाडू मारला की धुरळा उडतो. नंतर साबणाने हात धुवा. ओठांतून दाणा भरवू नका. घरात दमेकरी असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

जबाबदारी पक्ष्याच्या बाजूनेही आहे. पोपट वीस-पंचवीस वर्षेही जगतो. मिरची आणि डाळ एवढ्यावर त्याचे पोषण होत नाही. त्याला फळे, पालेभाज्याही लागतात. चॉकलेट, चहा-कॉफी आणि ॲव्होकॅडो त्याला विषासारखे आहेत. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेनेही पक्षी दगावतो. पिसे फुगवून गप्प बसणारा, डोळ्या-नाकातून पाणी येणारा पक्षी आजारी समजावा आणि पशुवैद्यकाला दाखवावा.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. लाल चोचीचा आपला नेहमीचा हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार संरक्षित आहे. तो विकत घेणे, पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. काही परदेशी जातींचीही सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. मात्र घरात वाढलेला पोपट एकदम आकाशात सोडू नका. त्याला स्वतःचे अन्न शोधता येत नाही, शत्रूही ओळखता येत नाही. तो वनविभागाच्या स्वाधीन करा.

आजींना हे सांगणे मला जड गेले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या आवाजाशिवाय तो जेवत नाही हो." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आठवड्याभराने नातवाने विठूला वनविभागाकडे पोहोचवले. धुरळा पक्षी गेल्यावरही बरेच दिवस टिकतो, म्हणून खोली धुऊन काढली, पडदे-गादी बदलली. औषधे सुरू झाली. तीन महिन्यांत खोकला पुष्कळ कमी झाला. जिना चढताना मात्र आजींना अजूनही मध्ये थांबावे लागते, कारण पडलेले व्रण भरून येत नाहीत.

तेव्हापासून खोकला घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी तंबाखू आणि चुलीच्या धुराबरोबरच घरातल्या पक्ष्याबद्दलही विचारतो. या प्रश्नाला अर्धा मिनिटही लागत नाही.