शिवारांतील घुबडें : शोध व छायाचित्र

घुबड पाहावयाचें तर रात्रीं कंदील घेऊन हिंडण्याचें कारण नाहीं. दिवसा खुणा पाहाव्या. ज्या झाडाखालीं वा दरडीखालीं एकाच जागीं चुन्यासारखी पांढरी विष्ठा व केंसांचे राखी गोळे आढळतील, तेथें घुबडाची बैठक आहे असें समजावें. घुबड उंदीर बहुधा सबंध गिळतें व न पचलेलीं हाडें आणि केंस यांचा गोळा तोंडावाटे टाकतें. तो पाण्यांत भिजवून सोडविला असतां उंदरांच्या कवट्या व दांत स्पष्ट ओळखूं येतात. शिवारांतील उंदरांचा असा हिशेब कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरांत सांपडावयाचा नाहीं!

पिंगळा जुन्या झाडाच्या ढोलींत राहतो व सूर्यास्ताच्या सुमारास बाहेर येऊन बसतो. शृंगी घुबड ओढ्याकांठच्या दरडींत व खडकाच्या कपारींत असतें. कावळे व कोतवाल एखाद्या फांदीभोंवतीं कलकलाट करूं लागल्यास तिकडे अवश्य पाहावें.

छायाचित्र मावळतीच्या उजेडांत, दुरून, बांधाआड बसून घ्यावें. डोळ्यांवर प्रखर झोत टाकूं नये, कीं ध्वनिमुद्रित आवाजानें पक्ष्यास बोलावूं नये. शृंगी घुबडाची मादी उघड्या जमिनीवर अंडीं घालते. ती उठून गेल्यास अंडीं निवतात, म्हणून घरटें दिसतांच मागें फिरावें.

चित्र कोणास पाठविल्यास झाडाची जागा मात्र कळवूं नये. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्याकरितां घुबडें पकडणारे लोक हिंडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तो गुन्हा आहे. असा इसम शिवारांत दिसल्यास आम्ही म्हणतों, वनरक्षकास त्याच दिवशीं वर्दी द्यावी.