माल सगळा संस्थेला, दर गोडीवर



ऊस वजनकाट्यावर आला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टनेज किती बसलं?" उतारा किती पडला, हे विचारणारा सभासद क्वचितच भेटतो. म्हणून आज इटलीतल्या द्राक्षबागायतदारांची हकीकत सांगतो. वाइनचा प्रचार करावा असा हेतू नाही. सहकाराचा धडा म्हणून वाचावी.

इटलीच्या वायव्य भागात आल्बा शहराजवळ बार्बारेस्को हे टेकडीवरचे लहानसे गाव आहे. बागा घरोघरच्या, पिढीजात. नेब्बिओलो जातीच्या काळ्या द्राक्षांची तांबडी वाइन येथे होते. पूर्वी ही द्राक्षे शेजारच्या बारोलो वाइनसाठी विकली जात. गावाला स्वतःचे नाव नव्हते. १८९४ साली आल्बाच्या मद्यनिर्मिती शाळेचे प्रमुख दोमित्सिओ कावात्सा यांनी नऊ बागायतदार एकत्र करून सहकारी संस्था काढली आणि गावाच्या नावाने वाइन सुरू केली. पुढे फॅसिस्ट राजवटीत संस्था बंद पडली. १९५८ साली गावचे पाद्री फिओरीनो मारेंगो यांनी एकोणीस बागायतदारांना घेऊन ती पुन्हा उभी केली. स्वतःची जागा नव्हती, म्हणून पहिले तीन हंगाम चर्चच्या तळघरात काढले! आज 'प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को' या नावाने ती चालते. सभासद पन्नासच्या आसपास आहेत.

आता कृती पाहू. हे द्राक्ष उशिरा पिकते, तोडणी ऑक्टोबरपर्यंत चालते. द्राक्षे चिरडून रस सालींसकट आंबवतात. मळीपासून मद्यार्क करताना यीस्ट जे काम करते तेच येथेही करते, म्हणजे साखरेचा मद्यार्क होतो. साली तीन-चार आठवडे रसात राहिल्या की रंग व तुरटपणा उतरतो. ही तुरटी मऊ व्हावी म्हणून वाइन ओक लाकडाच्या मोठाल्या पिंपांत मुरवतात. कायद्याने किमान २६ महिने मुरवावी लागते, पैकी ९ महिने लाकडात. उत्पादनालाही मर्यादा आहे. हेक्टरी ८ टन, म्हणजे एकरी सव्वातीन टनांच्या आतच! वेलीवर घड जास्त झाले की गोडी विभागली जाते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

संस्थेचे दोन नियम मला विशेष वाटतात. सभासदाने आपली सगळी नेब्बिओलो द्राक्षे संस्थेलाच घालायची. चांगला माल बाहेर आणि उरलेला संस्थेला, हे चालत नाही. दुसरे, दर नुसत्या वजनावर नाही, द्राक्षातली साखर व प्रत पाहून ठरतो. चांगल्या सालात उत्तम नऊ बागांची वाइन बागेच्या नावाने वेगळी भरतात. साल साधारण निघाले तर तसे न करता सगळी एकत्र करतात, म्हणजे संस्थेच्या नेहमीच्या वाइनची प्रत टिकते.

आपल्याकडे दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. त्यामुळे निगा राखणाऱ्याला आणि कोवळा, पाचट-मुळीसकट ऊस घालणाऱ्याला टनामागे पैसे सारखेच. म्हणजे एकाची हयगय सगळ्यांच्या दरातून वजा होते. तेव्हा या हंगामात तोडीच्या दिवशी स्वतः बांधावर उभे राहा. ऊस पक्व झाल्यावरच तोडू द्या, वाढे आणि पाचट काढून घ्या, आणि तोडलेला ऊस फडात वाळत ठेवू नका. वजन काटा सांगेल. गोडी मात्र आपणच राखायची आहे.

— ऊस विकास अधिकारी