नौकेच्या प्रतिकृतीस लाकूड कोणते?

लाकडी जहाजाची लहान प्रतिकृती घरच्या घरी उभारणे हा छंद मोठ्या धीराचा आहे. पेटीतून मिळालेला सांगाडा थोड्या दिवसांत जोडून होतो. परंतु त्यावर एकेक पट्टी बसवीत जहाजाचे अंग मढविण्यास महिनेच्या महिने लागतात. एवढ्या श्रमांचे चीज होणार की नाही, हे पुष्कळ अंशी आरंभीच ठरून जाते. पट्ट्यांकरिता कोणते लाकूड घ्यावयाचे, हा निर्णय एकदा सरस लागला म्हणजे फिरविता येत नाही.

या बाबतीत नवशिका मनुष्य बहुधा एका सरळ विचाराने चालतो. मूळ जहाज ज्या लाकडाचे होते त्याच लाकडाची प्रतिकृती केली, म्हणजे ती अस्सल ठरणार, असे त्यास वाटते. हा विचार वरवर पाहता निर्विवाद भासतो. परंतु तो कितपत टिकतो, हे मुंबईच्याच एका जहाजाच्या उदाहरणाने पाहण्यासारखे आहे.

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी ब्रिटिश आरमारासाठी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट जातीची युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. नेपोलियनबरोबरच्या युद्धांमुळे इंग्लंडात ओक लाकडाची टंचाई पडली होती; म्हणून ही नौका मलबारच्या सागवानाची झाली. सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यास कीड सहसा लागत नाही, आणि ओकप्रमाणे ते लोखंडी खिळे कुजवीत नाही. त्या निवडीचे फळ आजही दिसते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल येथे ही नौका संग्रहालयाच्या रूपाने जतन केलेली असून, तेथे ती अजूनही पाण्यावर तरंगत आहे. अर्थातच तिची प्रतिकृती करू पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो सागवानाचा.

आता थोडा हिशेब करावा. या नौकेच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट आहे. १:७२ या प्रमाणात ती २५ इंच होते. म्हणजे प्रतिकृती दिवाणखान्यातील कपाटावर राहू शकते. जहाज बहात्तर पटींनी लहान झाले, परंतु लाकूड काही लहान होत नाही. झाड ज्या नलिकांतून पाणी वर नेते त्या नलिका लाकडात बारीक छिद्रांच्या रूपाने शिल्लक राहतात. सागवानातील मोठ्या छिद्रांची रुंदी सुमारे पाव मिलिमीटर असते. खऱ्या फळीवर ती कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. प्रतिकृतीवर मात्र तोच पाव मिलिमीटर बहात्तर पटींनी वाचावा लागतो, आणि तो अठरा मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पाऊण इंच भरतो. ज्या जहाजाच्या प्रत्येक फळीवर बोट रुतेल एवढे चर पडले आहेत, त्यास कोण अस्सल म्हणेल? ओकची गोष्टही निराळी नाही. त्याची छिद्रे मोठी, आणि शिवाय त्याच्या अंगावरील चकाकत्या रेषा लहान पट्टीवर फार ठळक उमटतात.

यावरून एक नियम हाती लागतो. प्रतिकृतीचे लाकूड मूळ लाकडाच्या जातीचे असण्याची जरुरी नाही. लांबून ते मूळ लाकडासारखे दिसावे, एवढेच पुरे. त्याचा पोत इतका बारीक हवा, की लहान प्रमाणातही तो डोळ्यांस जाणवू नये. रंग साधारण मूळ रंगाच्या जवळ असला म्हणजे झाले. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्लंडात आरमारी जहाजांच्या ज्या नामांकित प्रतिकृती झाल्या, त्यांच्या कारागिरांनी हेच धोरण ठेविले होते. जहाजे ओकची, आणि प्रतिकृती मात्र बॉक्सवूडच्या व नासपतीसारख्या फळझाडांच्या लाकडाच्या. त्यांपैकी पुष्कळ प्रतिकृती १:४८ प्रमाणाच्या, म्हणजे एका फुटास पाव इंच अशा आहेत. ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात त्या पाहावयास मिळतात.

बॉक्सवूडची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. त्याचा रंग फिकट पिवळा असतो, धार स्वच्छ निघते, आणि वाफ दिली असता ते चांगले वाकते. ते महाग आणि दुर्मिळ आहे, हाच काय तो त्याचा दोष. ‘कॅस्टेलो बॉक्सवूड’ या नावाने जे विकले जाते ते दक्षिण अमेरिकेतील निराळ्याच झाडाचे लाकूड होय. कामास ते उत्तम, पण नावावरून गैरसमज होऊ नये. नासपतीचे लाकूड गुलाबीसर तपकिरी, एकसारख्या पोताचे व कापण्यास सुखाचे असते. पांढऱ्याशुभ्र हॉलीची कीर्ती तूतकाच्या, म्हणजे डेकच्या, पट्ट्यांकरिता आहे. आबनूस दिसते देखणे, पण ते ठिसूळ असते व वाकविताना मोडते. म्हणून जहाजाच्या बाजूवरील काळे पट्टे काळ्या रंगात भिजविलेल्या नासपतीचे करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

तयार पेटीत सामान्यतः लाकडाचे दोन थर दिलेले असतात. प्लायवूडच्या पठाणावर, म्हणजे तळाच्या कण्यावर, आडव्या फासळ्या बसवावयाच्या, आणि त्यांवर पहिला थर लाइम किंवा बासवूड या लाकडाच्या सुमारे दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांचा द्यावयाचा. येथे लाइम म्हणजे लिंबाचे झाड नव्हे. युरोपात सावलीसाठी लावतात त्या लिंडेन वृक्षाचे ते नाव असून, बासवूड हा त्याचाच अमेरिकन भाऊ होय. हे लाकूड फिकट, मऊ आणि वाकण्यास आज्ञाधारक असते. हा थर पुढे झाकला जाणार असल्याने त्याच्या रूपाची चिंता करण्याचे कारण नाही. त्यावर काचकागद फिरवून उंचवटे घालवावेत आणि खळगे भरून घ्यावेत, म्हणजे दुसरा थर सुरळीत बसतो.

दुसरा थर अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा, आणि बहुधा अक्रोडाचा असतो. अक्रोडाचा तपकिरी रंग मोहक खरा. परंतु त्याची छिद्रे बॉक्सवूडहून पुष्कळ मोठी असतात, आणि एकाच जुडीतील पट्ट्या फिकट, गडद, जांभळट अशा नाना छटांच्या निघतात. त्या जशा हाती येतील तशा लावल्या, तर जहाजाच्या अंगावर ठिगळे दिसतात. म्हणून पट्ट्या आधी उजेडात पसरून त्यांचे रंगाप्रमाणे गट करावेत, आणि एकाच छटेच्या पट्ट्या दोन्ही बाजूंस सारख्या जागी वापराव्यात. काही पेट्यांत अक्रोडाऐवजी आफ्रिकेतील मॅन्सोनिया हे लाकूड येते. त्याचा भुसा नाकाघशास व कातडीस बाधतो. आबनूस आणि सागवान यांचाही काहींना त्रास होतो. काचकागद चालविताना नाकातोंडावर मुखपट्टी असणे आवश्यक आहे.

पट्टीची रुंदीही पारखून घ्यावी. पाच मिलिमीटरची पट्टी १:७२ प्रमाणात चौदा इंचांच्या फळीएवढी होते. तूतकाच्या फळीसाठी ही रुंदी फार झाली. दहा इंचांची फळी दाखवावयाची तर साडेतीन मिलिमीटर पुरेत. लांबीचेही तसेच आहे. चोवीस फुटांची फळी प्रतिकृतीत चार इंचांची होते. म्हणून एकच पट्टी जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेणे हे दिसावयास कितीही सुबक असले, तरी तशी फळी देणारे झाड कोणत्याही जंगलात उभे नव्हते. दोन फळ्यांमधील डांबराची काळी रेघ दाखविण्यास पट्टीच्या काठास काळा कागद चिकटविला म्हणजे भागते. या प्रमाणात कागदाची जाडीच त्या रेघेस पुरते.

लाकडाची खरी परीक्षा होते ती नाळीपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापाशी. तेथे पट्टीस वाकावे लागते, पीळ घ्यावा लागतो, आणि वाट अरुंद होत जाते म्हणून निमुळतेही व्हावे लागते. पाणी आणि उष्णता यांच्या योगाने लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य, ज्यास लिग्निन म्हणतात, ते मऊ होते. थंड झाल्यावर ते पुन्हा घट्ट होऊन दिलेला बाक धरून ठेवते. परंतु हे साधण्यास तंतू पट्टीच्या लांबीला समांतर हवेत. ज्या पट्टीचे तंतू तिरके जाऊन काठाबाहेर पडतात, ती कितीही भिजविली तरी नेमकी तेथेच मोडते. अशा पट्ट्या निवडून बाजूस काढाव्यात आणि जहाजाच्या सपाट मध्यभागी लावाव्यात. सागवान वापरण्याचा हट्टच असेल, तर त्याच्या तेलकटपणामुळे सरस नीट धरत नाही हेही ध्यानात ठेवावे. चिकटविण्यापूर्वी पट्टी स्पिरिटने पुसून घ्यावी लागते.

खर्चाचा विचारही येथेच करणे योग्य. त्या काळच्या युद्धनौकांच्या पाण्याखालील भागावर तांब्याचे पत्रे मारलेले असत, आणि वरचा भाग रंगविलेला असे. प्रतिकृतीतही तसेच करावयाचे असेल, तर तांब्याखाली आणि रंगाखाली मोलाचे लाकूड गाडण्यात अर्थ नाही. तेथे लाइमचाच दुसरा थर पुरेसा आहे. वाचलेले द्रव्य तूतकावर खर्चावे. तूतक उघडे राहते, आणि पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम तेथेच जाते. उलट, सारे जहाज बिनरंगी ठेवावयाचे असेल, तर बाहेरच्या थरात काटकसर करू नये.

परदेशी लाकूड न मिळाल्यास अडून बसण्याचे कारण नाही. आपल्याकडील हळदू, ज्यास हेद असेही म्हणतात, हे पिवळसर आणि बारीक पोताचे लाकूड फण्या व गिरण्यांतील बॉबिने करण्यासाठी वापरात आले आहे. बॉक्सवूडची उणीव ते बऱ्याच अंशी भरून काढते. काळ्या कुड्याचे लाकूड पांढरे व गुळगुळीत असून, कर्नाटकातील चन्नपट्टणची रंगीत खेळणी त्याचीच होत असत. तूतकासाठी ते वापरून पाहण्यासारखे आहे. मात्र अशा लाकडाच्या पट्ट्या बारीक दातांच्या करवतीवर कापून घ्याव्या लागतात.

शेवटची गोष्ट हवेची. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. रुंदीत मात्र ते दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. मुंबईच्या पावसाळ्यात बसविलेल्या पट्ट्यांमध्ये उन्हाळ्यात फटी पडतात, आणि कडक उन्हाळ्यात घट्ट ठोकलेल्या पट्ट्या आषाढात उचलून येतात. यासाठी पट्ट्या काही आठवडे त्याच खोलीत उघड्या ठेवाव्यात, आणि हे काम पावसाळा सरल्यावर हाती घ्यावे.

पेटीतील लाकूडच वापरावे की बदलावे, हे ठरविण्यास एक सोपा उपाय आहे. प्रत्येक जातीची एकेक पट्टी घ्यावी. तिचा अर्धा भाग व्हार्निश लावून आठवडाभर उजेडात ठेवावा, आणि उरलेला अर्धा भिजवून नाळीच्या बाकाएवढा वाकवून पाहावा. नंतर हातभर अंतरावरून पट्टीकडे पाहावे. लाकडाची छिद्रे आधी दिसली, तर ते लाकूड या जहाजासाठी नव्हे. छिद्रे न दिसता रंग तेवढा दिसला आणि पट्टी न मोडता वाकली, तर तिचे नाव काहीही असो, निःशंकपणे सरस लावावा.