उद्योजकाचे गुण (लेखांक ५) : नकाराचा अर्थ लावणे

शोध लावणे आणि नवोन्मेष घडविणे या दोन वेगळ्या क्रिया असून त्यांसाठी लागणारी माणसेही बहुधा वेगळी असतात, हा भेद ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ योझेफ शुंपेटर यांनी आर्थिक विकासावरील आपल्या ग्रंथात विसाव्या शतकाच्या आरंभी ठळकपणे मांडला. नवी वस्तू, नवी उत्पादनपद्धती, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा उगम किंवा उद्योगाची नवी रचना यांपैकी काहीही व्यवहारात उतरविणे म्हणजे नवोन्मेष. त्यासाठी मूळ कल्पना स्वतःचीच असावी लागते असे नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा (१८६९–१९५६) लोखंडी नांगर हे याचे उत्तम उदाहरण होय. लोखंडी नांगर इंग्लंडमध्ये शतकभर आधीपासून तयार होत होते, त्यामुळे बेळगावात त्यांनी जे केले त्याला शोध म्हणता येणार नाही. कठीण होते ते निराळेच. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे २ वर्षे लागली. या प्रसंगाचे वर्णन करताना चरित्रकार चिकाटीचा गौरव करतात, आणि तो रास्तही आहे. परंतु चिकाटी हा एकटा गुण फसवा असतो, कारण टाकाऊ मालाला कवटाळून बसणाराही तितकाच चिकाटीचा असतो.

येथे लागतो तो गुण म्हणजे नकाराची फोड करता येणे, म्हणजेच त्यातील समजुतीचा भाग कोणता आणि सकारण आक्षेपाचा कोणता हे वेगळे करणे. जमिनीला विष चढण्याची भीती निराधार होती, पण तिच्या आड उभा असलेला हिशेब निराधार नव्हता. लाकडी नांगर गावातला सुतार घडवी व दुरुस्त करी, आणि त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने, म्हणजे सुगीच्या वेळी धान्याच्या वाट्याने, दिला जाई. ऐन पेरणीच्या तोंडावर नांगर मोडला तरी रोख पैसा काढावा लागत नसे. लोखंडी नांगराला आधी रोकड हवी, आणि त्याचा भाग तुटला तर तो गावच्या सुताराच्या हातचा नव्हे. अशा शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होणारा विक्रेता सुट्या भागांची तजवीज करण्याचा विचारही करणार नाही. उलट, लाकडी नांगर जमीन चिरतो पण उलथत नाही, त्यामुळे काळ्या रानात खोल गेलेली हराळी त्याला आवरत नाही, ही शेतकऱ्याची स्वतःची अडचण ज्याच्या लक्षात आली, त्याच्याजवळ वादविवादापेक्षा प्रभावी साधन होते : नांगरून दाखविलेले शेत.

हीच वृत्ती स्वतःविषयीही लागू करावी लागते, आणि ते अधिक अवघड असते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकत असताना काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि यंत्रांच्या आरेखनाकडे ते वळले. पुढे त्यांनी व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत अध्यापन केले, बेळगावात सायकलींचे दुकान चालविले आणि नांगराच्या आधी कडबा कापण्याचे यंत्र बनविले. वरवर पाहता ही धरसोड वाटते. प्रत्यक्षात साधने बदलत गेली, यंत्राची ओढ बदलली नाही.

बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींच्या आश्रयाने कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना उभा राहिला, तोच पुढे किर्लोस्करवाडी झाला. पहिल्या महायुद्धात लोखंडाची आयात आटली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून मिळालेल्या जुन्या तोफा वितळवून काम चालू ठेवण्यात आले. शुंपेटरच्या यादीतील ‘कच्च्या मालाचा नवा उगम’ इतक्या शब्दशः क्वचितच आढळतो. विक्री आणि जाहिरात यांची बाजू मात्र वेगळ्या स्वभावाच्या माणसाकडे, म्हणजे शंकरराव किर्लोस्करांकडे, गेली आणि त्यांच्या संपादकत्वाखाली १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे मासिक निघाले. नांगर घेणाऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी सुरू झालेले हे पत्र पुढे नांगराशी काडीचा संबंध नसलेल्या मराठी घरांतही वाचले जाऊ लागले.