शाळेतील मत्स्यपेटी : माशांची निवड

शाळा व कार्यालये यांतील मत्स्यपेटीसाठी मासे बहुधा रंग पाहूनच निवडले जातात आणि थोड्याच दिवसांत दगावतात. निवडीचा पहिला निकष पाणी हा होय. दख्खनच्या पठारावरील विहिरींचे पाणी पुष्कळदा जड, म्हणजे साबणाचा फेस सहजी न होणारे असते. गप्पी, मोली, प्लॅटी यांना ते मानवते. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील मृदू पाण्याच्या निऑन टेट्राला मानवत नाही. सोनमासा तर थंड पाण्यातला.

स्वभावही पाहावा लागतो. टायगर बार्ब गप्पीची लांब शेपटी कुरतडतो. वाढलेला एंजल लहान टेट्रा गिळतो. याउलट भारतीय ओढ्यांतीलच झेब्रा मासा निरुपद्रवी आहे. मात्र तो थव्यानेच ठेवावा. ६० लिटरच्या पेटीत आठ झेब्रा व पाच प्लॅटी पुरेत. प्लॅटी नरच घ्यावेत, अन्यथा पिलांनी पेटी भरून जाते.

काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा फूटभराहून मोठा होतो. पेटीत मावेनासा झाला की तो नदीत सोडला जातो. भीमेवरील उजनी जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.