आपल्या अखत्यारीतले भाषांतर

यांत्रिक भाषांतराची महती सांगताना यंत्रास किती भाषा अवगत आहेत याचाच हिशेब बहुधा मांडला जातो. परंतु ते भाषांतर कोणाच्या हाती पडणार आणि तो त्याचे काय करणार, हा प्रश्न आधी विचारून जी थोडी यंत्रे घडविली गेली, त्यांत कॅनडातील ‘मेतेओ’चे स्थान माझ्या मते अग्रगण्य आहे.

१९६९ च्या कायद्याने तेथे इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांना राजभाषेचा समान दर्जा मिळाला, आणि हवामानाचा अंदाज दोहोंत एकाच वेळी प्रसिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर येऊन पडली. तेच वारे, तोच हिमपात आणि तेच तापमान अहोरात्र भाषांतरित करून विटलेले भाषांतरकार या कामावर फार काळ टिकेनात. तेव्हा माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी या एकाच कामापुरते यंत्र सिद्ध केले व १९७७ पासून ते नित्याच्या कामावर रुजू झाले. हवामानवार्तेची वाक्ये तारेसारखी त्रोटक व शब्दसंपत्ती मोजकी, हे त्याच्या पथ्यावर पडले खरे. तथापि त्याचा थोर गुण असा की, जे वाक्य उलगडत नसे ते अंदाजाने पुरे न करता, अखत्यारीबाहेरचा कागद वरिष्ठांकडे रवाना करणाऱ्या चोख कारकुनाप्रमाणे, ते माणसाकडे सोपवी. याच संशोधकांनी पुढे विमानांच्या देखभालीच्या पुस्तिका हाती घेतल्या; तेथील लांबलचक नामसमूहांपुढे त्यांची मात्रा चालली नाही आणि १९८१ साली तो प्रकल्प गुंडाळावा लागला. ‘मेतेओ’ मात्र २००१ पर्यंत चालू होते.

आजची यंत्रे प्रचंड मजकुरावरून शिकतात आणि प्रत्येक पदी संभाव्य असा पुढील शब्द निवडत जातात. त्यामुळे मूळ अर्थ हाती लागो वा न लागो, वाक्य मात्र घोटीव उतरते. आणि औषधाच्या वेष्टनावरील परकी सूचना मोबाइलवर वाचणाऱ्या रुग्णास, मूळ भाषाच येत नसल्याने, त्यातला एखादा नकार गळाला हे कळण्याचा मार्गच उरत नाही. निवडलेला शब्द कितपत संभाव्य होता याचे गणित यंत्राच्या पोटात असते; ते वापरणाऱ्यापासून झाकून ठेवणे ही रचनाकारांची मोठी उणीव मी समजतो. संशयित शब्द ठळक दाखवावा, मूळ मजकूर शेजारी ठेवावा, आकडे व नकार दोनदा तपासावेत, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

अशी सोय होईतो औषधाची मात्रा, पैशाची रक्कम आणि अर्जाची मुदत या तीन गोष्टी तरी वाचकांनी यंत्राच्या भरवशावर न सोडता मूळ कागदावरून जाणत्या माणसाकडून पडताळून घ्याव्यात.